मास्तरांचा पुढचा दात

मला राग लवकर येतो. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना चालवायचा तर तो यावाच लागतो, नाहीतर लोक भरदुपारी सहज म्हणून दाढ दाखवायला येतात. त्या दिवशी मात्र माझ्या रागाला खरंच कारण होतं. खुर्चीत एक निवृत्त गृहस्थ आ वासून बसलेले, त्यांचं रूट कॅनॉल निम्म्यावर आलेलं, आणि खाली रस्त्यावर नेमकी लग्नाची वरात येऊन उभी राहिली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, ताशे, एक मोठा ढोल. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. माझा पाय त्या गाण्याच्या ठेक्यावर हलतोय हे लक्षात आलं तेव्हा मी हातातलं यंत्र खाली ठेवलं, पेशंटला "एक मिनिट" म्हटलं आणि हातमोजे-मास्कसकट जिना उतरले.

काय बोलायचं ते जिन्यातच ठरवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. सगळ्यांच्या पुढे लाल कोट घातलेला, साठीच्या घरातला एक काटक माणूस ट्रम्पेट वाजवत होता. त्याची नजर माझ्या दवाखान्याच्या पाटीवर गेली आणि त्यानं डावा हात वर केला. त्याबरोबर सगळं बंद. ताशेसुद्धा. नाचणाऱ्या पोरांनी कुरकुर केली तेव्हा त्यानं नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. दहा-बारा माणसं वाद्यं छातीशी धरून माझ्यासमोरून मुकाट्यानं चालत गेली. चपलांचा आवाज तेवढा येत होता. चार दुकानं ओलांडल्यावर, कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानापाशी, तो हात खाली आला आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

पण ते जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं नाही. मी बेस गिटार वाजवते. हौस म्हणूनच, पण वीस वर्षं वाजवतेय, त्यामुळे मात्रा मोजणं डोक्यात आपोआप चालू असतं. राग आलेला असला तरी चालू असतं. गाणं थांबलंच नसतं तर त्या क्षणाला जिथं पोचलं असतं, बरोबर तिथून, अंतऱ्याच्या मधल्या ओळीवरून, ती सगळी माणसं एकदम आत शिरली. म्हणजे गप्प चालत असताना प्रत्येक जण मनात मोजत होता. मी अक्षरशः धावत कोपरा गाठला.

"तुम्ही मोजत होता?" मी लाल कोटवाल्या गृहस्थांना विचारलं.

त्यांनी ट्रम्पेट ओठांवरून काढला, माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. "मग काय मॅडम? दवाखाना आला म्हणून आपण गप्प बसतो. गाणं थोडंच थांबतं?"

त्यांचा नंबर मी हातमोज्यावर लिहून घेतला. परत आले तेव्हा खुर्चीतल्या गृहस्थांनी तोंडातला कापूस स्वतःच काढून ठेवला होता. ते म्हणाले, "डॉक्टर, वरातीला जायचं होतं तर मला सांगायचं. मीही टोपी घालून आलो असतो."

आमचा बँड तेव्हा तिघांचा होता. मी, एक गिटारवाला आणि एक ड्रमर. गिटारवाला यवतमाळकडचा, आयटीतल्या नोकरीसाठी इथं येऊन त्याला दहा वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. ड्रमर आमच्याच पेठेत गणिताचे क्लास घेतात, त्यांना सगळे सर म्हणतात. सरांना कुणाचं कौतुक करायचं झालं तरी ते टोमण्यातूनच बाहेर पडतं. आम्हाला जॅझ आणि रॉक यांच्या मधलं संगीत वाजवायचं होतं, आणि ते फुंकीच्या वाद्यांशिवाय म्हणजे आमटीशिवाय भात. दोन वर्षं आम्ही ती उणीव एका इलेक्ट्रॉनिक पेटीच्या बटणावर भागवत होतो. गिटारवाल्यानं पायानं बटण दाबलं की ट्रम्पेटसारखा आवाज यायचा. सर म्हणायचे, "छान. कुणाचा तरी फोन वाजतोय असं वाटतं. उचलावासा वाटतो."

लाल कोटवाले गृहस्थ विश्रांतवाडीचे. सरकारी कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि लहानपणापासून ट्रम्पेट वाजवणारे. वरातीच्या बँडात त्यांना मास्तर म्हणत, म्हणून आम्हीही मास्तर म्हणू लागलो. फोनवर मी त्यांना आमच्या संगीताबद्दल बरंच काही समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढोल आहे का?" मी म्हटलं, ड्रम आहेत. "मग येतो," म्हणाले.

ते एकटे आले नाहीत. सॅक्सोफोन वाजवणारा त्यांचा जुना जोडीदार आणि ट्रॉम्बोन वाजवणारे त्यांचे मेहुणे, असे तिघं आले. मेहुणे वर्षात मोजून दहा वाक्यं बोलतात. सॅक्सोफोनवाल्या दादांचा धायरीत मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, आणि त्यांच्या गोदामाची जागा त्यांनी आम्हाला रविवारी सकाळी देऊ केली. पत्र्याचं ते गोदाम नवरानवरीच्या सिंहासनांनी भरलेलं होतं. लाल मखमलीची, सोनेरी हातांची, मोर कोरलेली. आमचा बँड सुरुवातीपासून त्या सिंहासनांच्या गर्दीत वाजत आलाय. थकलं की आम्ही त्यांवरच बसून चहा पितो.

पहिल्या रविवारी त्या तिघांनी पहिला स्वर लावला आणि मला माझं बेस ऐकू येईना. सरांना स्वतःचे ड्रम ऐकू येईनात. त्यांचा सगळा जन्म उघड्या रस्त्यावर, गाड्यांच्या हॉर्नवर मात करून वाजवण्यात गेलेला. मी म्हटलं, "मास्तर, जरा हळू." त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, "हळू म्हणजे कसं?" त्यांना खरंच कुणी कधी हळू वाजवायला सांगितलं नव्हतं. शेवटी दादांनी तोडगा काढला. तीन सिंहासनं भिंतीशी उलटी लावली आणि तिघंही मखमलीच्या पाठीकडे तोंड करून वाजवू लागले. हळू वाजवायला ते असे शिकले, गाद्यांमध्ये फुंकून.

दुसरी अडचण पायांची होती. एका जागी उभं राहून वाजवणं त्यांना जमत नसे. वाजवायला लागले की पाय चालायला लागायचे, आणि गत संपेपर्यंत तिघं गोदामाच्या फाटकाशी पोचलेले असायचे. गिटारवाला म्हणाला, "काऊन चालले हे? आपलं काही चुकून राह्यलं का?" मग त्यांच्यासाठी ड्रमभोवती एक गोल वाट मोकळी केली. आम्ही तिघं मध्ये आणि ते तिघं आमच्याभोवती फिरताहेत, असं आमचं संगीत घडलं. आमच्यापैकी कुणाला चक्कर आली नाही हे नवल.

बाकी मात्र त्यांनी आम्हालाच शिकवलं. गिटारवाल्यानं सात मात्रांची एक गत मोठ्या मेहनतीनं बसवली होती आणि ती फार अवघड आहे असा त्याचा समज होता. मास्तरांनी ती एकदा ऐकली. "रूपक होय," म्हणाले आणि खिशातून वही काढून सारेगममध्ये लिहून घेतली. दुसऱ्या फेरीला तिघं ती वाजवत होते. एकट्यानं वाजवायची कल्पना मात्र त्यांना पटेना. मी सांगितलं, इथं सोळा आवर्तनं फक्त तुम्ही, तुम्हाला सुचेल ते. ते म्हणाले, "आणि बाकीचे काय चहा पिणार?" बराच आग्रह केल्यावर डोळे मिटून त्यांनी वाजवायला घेतलं. सोळा झाली, चोवीस झाली, आम्ही कुणीच त्यांना थांबवलं नाही. मी त्या माणसाच्या प्रेमात पडले ती त्या चोवीस आवर्तनांत. घरी जाऊन नवऱ्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, वय काय त्यांचं?

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसले तिच्याकडे येते. गोल फिरणं संपून आम्ही कार्यक्रमासाठी एका ओळीत उभं राहायचा सराव करू लागलो, तेव्हा मास्तर दर वेळी माझ्या डाव्या हाताला उभे राहत. मी जागा बदलली तर तेही बदलत. म्हणजे माझ्याकडे कायम त्यांचा उजवा गाल. मला वाटायचं, बेस नीट ऐकू यावा म्हणून. मनातून सुखावतही होते.

संक्रांतीच्या सुमाराचा एक रविवार होता. तिळगूळ वाटला, सगळ्यांनी खाल्ला, मास्तरांनी तो रुमालात बांधून खिशात ठेवला. मग एक लांबलचक गत वाजवून झाल्यावर त्यांनी त्याच पांढऱ्या रुमालाच्या मोकळ्या टोकानं ओठ पुसले. रुमालावर तांबडा ठिपका उमटला. ते दादांकडे वळून काहीतरी बोलले तेव्हा त्यांचा डावा गाल क्षणभर माझ्याकडे आला आणि मला वरच्या ओळीतला पुढचा डावा दात दिसला. हिरडी सुजून काळसर झालेली, दात शेजाऱ्यापेक्षा खाली उतरून थोडा बाहेर झुकलेला. हे पाहायला मला आरसा लागत नाही की दिवा लागत नाही. तो दात हलत होता आणि रोज ट्रम्पेटचं तोंड त्यावर दाबलं जात होतं.

कार्यक्रम सहा आठवड्यांवर होता. आमचा पहिला. मी गप्प बसले.

पहिल्या रविवारी मनाशी म्हटलं, चारचौघांत कसं बोलायचं. दुसऱ्या रविवारी ते लवकर निघाले. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे काहीच कारण नव्हतं, तरी बोलले नाही. बोलले असते तर डॉक्टर म्हणून एकच सांगावं लागलं असतं, की आजपासून वाजवणं बंद, हिरडीवर उपचार सुरू. मग कार्यक्रम कसला? दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी ओरडते की इतके दिवस झोपला होतात का, आणि इथं मीच डोळे मिटून बसले होते. त्या सहा आठवड्यांत मी पेशंटवर जास्तच चिडत होते. माझ्या मदतनीस बाईंनी एकदा विचारलंही की घरी सगळं ठीक आहे ना.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, कारण संध्याकाळी फुंकीवाल्यांच्या लग्नाच्या सुपाऱ्या असत. एक छोटा उघडा रंगमंच मिळाला होता, समोर झाडं आणि झाडांपलीकडे मोठा रस्ता. विश्रांतवाडीहून मास्तरांची माणसं टेम्पो भरून आली होती. माझे पेशंट आले होते, त्यांतल्या काहींना मी यायची सक्तीच केली होती. सरांच्या क्लासची मुलं मागच्या रांगेत होती. मास्तर इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आले आणि न सांगता माझ्या डाव्या हाताला उभे राहिले.

दोन गती उत्तम झाल्या. तिसरी ती सात मात्रांची. ती रंगात आली असताना मास्तरांचा ट्रम्पेट एकाएकी बंद झाला. मी वळून पाहिलं. त्यांनी वाद्य ओठांपासून दूर धरलं होतं आणि त्यांचा डावा हात वर होता, तोंडाजवळून वर गेलेला. सॅक्सोफोन थांबला. ट्रॉम्बोन थांबला. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. दात पडला.

मी वाजवणं सोडलं. बेस गळ्यात तसंच, वायरीत पाय अडकवत मी त्यांच्यापाशी गेले, त्यांची हनुवटी धरली आणि रोजच्या सवयीनं म्हणाले, "आ करा. डावीकडचा ना? गिळू नका, थुंका." त्यांच्यासमोरचा माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं.

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी रस्त्याकडे खूण केली. तेव्हा कुठं मला सायरन ऐकू आला. झाडांपलीकडून अँब्युलन्स चालली होती. आयुष्यभर दवाखान्यापुढे, अँब्युलन्सपुढे, अंत्ययात्रेपुढे हात वर करत आलेला तो माणूस. स्टेजवर असला काय नि रस्त्यावर असला काय, हात आपोआप वर गेला होता. बाकीचे दोघं गुपचूप पायानं मोजत होते. सरही कडेच्या झांजेवर हलकेच ठेका धरून होते. एकटी मी कुठं आहे ते विसरले होते. ज्या मोजण्यावर भाळून मी त्या माणसांच्या मागे धावले, ते ऐन वेळी करायचं राहिलं माझंच.

सायरन विरला. हात खाली आला. तिघं नेमक्या मात्रेवर शिरले, आणि मी बेसवर हात न ठेवता नुसती उभी. गिटारवाला पुटपुटला, "मॅडम, वाजवा न बाप्पा." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, बसवलेलंच आहे.

कार्यक्रमानंतर उपमा आणि चहा होता. मास्तर कपबशी न घेता माझ्याजवळ आले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

त्यांनी मान हलवली. "मी पहिल्या दिवसापासून लपवत होतो. डॉक्टर म्हटल्यावर तुम्ही बंद करा म्हणाला असता."

"म्हणाले असते. म्हणायलाच हवं होतं."

"मग का नाही म्हणालात?"

मी खोटं बोलू शकले असते. "मला कार्यक्रम व्हायला हवा होता," मी म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रम्पेट पुसला, पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. "उद्या येतो," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता टेम्पोत जाऊन बसले. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की घरी आल्यावर बेस कपाटावर टाकलं आणि आठवडाभर खाली काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. एक्स-रेमध्ये दाताच्या मुळाभोवती हाड जवळजवळ उरलं नव्हतं. मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. दात ठेवता येणार नाही. दीड महिन्यापूर्वी उपचार सुरू केले असते तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही. पण तो कदाचित मी तुमच्याकडून घेतला, हेही सांगितलं.

छताकडे पाहत ते म्हणाले, "जयंतीला किती दिवस आहेत?"

मी मोजले. चौदा एप्रिलला सहा आठवडे होते.

"माझ्या वडिलांनी आमच्या वस्तीच्या पहिल्या मिरवणुकीत वाजवलं. ते गेल्यापासून मी वाजवतो. एकही वर्ष चुकलेलं नाही," ते म्हणाले. "लग्नात कुणीही वाजवेल हो. पण यंदा त्या मिरवणुकीत मी नुसता चाललो तर..." मला तोपर्यंत वाटत होतं की ते दात लपवत होते ते आमच्या कार्यक्रमासाठी. तो माझा भ्रम होता. त्यांना ती मिरवणूक गाठायची होती, आणि तोवर माझ्या नजरेआड राहायचं होतं.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा पुढचा दात म्हणजे नुसता दात नव्हे. ओठ त्यावर टेकतो, स्वर तिथं घडतो. नवा कृत्रिम दात बसवला तर केसभर फरकानंही सगळं बिघडू शकतं, आणि नव्या दाताशी ओठाची ओळख व्हायला महिने जातात. मी रात्री अंथरुणावर पडून त्याचा विचार केला आणि सकाळी त्यांना फोन केला. "मास्तर, तुमचाच दात तुम्हाला परत बसवते."

दात काढला. जखम भरत आली तसं त्याचं मूळ कापून टाकलं, वरचा भाग स्वच्छ केला, आणि तो होता त्याच जागी, पूर्वी सरळ असताना जसा असेल तसा, शेजारच्या दातांना मागून बारीक पट्टीनं आणि निळ्या दिव्याखाली कडक होणाऱ्या मसाल्यानं जोडला. बाहेर पेशंट ताटकळताहेत हेही विसरून मी त्यावर पूर्ण दुपार घालवली. त्यांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा तर माझाच."

"तुमचाच. फक्त आता तो लोंबतोय, त्याला पाय नाहीत. दाबायचं नाही. ट्रम्पेट थोडा उजवीकडे सरकवायचा, आणि चालता चालता एकदम जोर लावायचा नाही."

"हळू वाजवायचं," ते म्हणाले.

"गाद्यांत फुंकल्यासारखं," मी म्हटलं. कार्यक्रमानंतर ते पहिल्यांदा हसले.

उरलेला मार्चभर ते एक दिवसाआड संध्याकाळी दवाखान्यात येत आणि खुर्चीत बसून एकेक लांब स्वर लावत. मी समोर स्टुलावर बसून दाताकडे पाहत असे. पहिला आठवडा नुसती हवा. मग चिरका आवाज, मग थोडासा स्वर. वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, तुमच्याकडे लोक ओरडतात हे आम्ही इतकी वर्षं ऐकतो. हे गृहस्थ सुरात ओरडतात. यांचं काम सावकाश चालू द्या."

धायरीतला सराव मी नाइलाजानं पुन्हा सुरू केला. मास्तर नव्हते. सात मात्रांच्या गतीत त्यांचा भाग आला की मी दादांना म्हटलं, तेवढं तुम्ही सॅक्सोफोनवर घ्या, म्हणजे भकास वाटणार नाही. दादांनी वाद्य खाली घेतलं. "डाक्टर, ती मास्तरांची जागा हाय. तिथं कुनी वाजवायचं न्हाय. मोजायचं." मेहुण्यांनी मान डोलावली. मग आम्ही त्या जागा आल्या की थांबत होतो. सोळा आवर्तनं सिंहासनांमधून नुसते आमचे पाय हलत होते. गिटारवाल्याला सुरुवातीला ते विचित्र वाटलं, पण तिसऱ्या रविवारी तो म्हणाला की आता मले मास्तर ऐकू येऊन राह्यले. आणि सरांनी त्यावर काही टोमणा मारला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर, चौदा तारखेला पाच दिवस उरले असताना, दात निघाला. माझ्यासमोरच. एका वरच्या स्वराला त्यांचा तोल गेला, ट्रम्पेट दाबला गेला, आणि दात टक् करून माझ्या फरशीवर पडला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तो खुर्चीखाली शोधत होतो. सापडला तेव्हा मी रडत होते. राग आला की मला रडू येतं, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे, मास्तरांना माहीत नव्हतं.

"नका हो डॉक्टर," ते म्हणाले. "लावा परत. नाही राहिला तर हात वर करून चालेन."

मी लावला. या वेळी जास्त पक्का, पण पक्का म्हणजे किती, हे मला सांगता येणार नव्हतं. त्यांनाही तसं सांगितलं. यापुढे त्यांच्यापासून काही लपवायचं नाही एवढं तरी मी शिकले होते.

चौदा एप्रिलला ऊन उतरल्यावर मी विश्रांतवाडीला गेले. पर्समध्ये दाताचा मसाला, निळा दिवा आणि हातमोजे होते. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, बापाच्या खांद्यांवर बसलेली मुलं, सरबताची पिंपं. एका आजींनी न विचारता माझ्या हातात पेला दिला आणि सावलीत उभं राहा म्हणाल्या. मी एका छोट्या रुग्णालयाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. जागा मी मुद्दाम निवडली होती.

मास्तरांचा आवाज आधी आला. पूर्वीपेक्षा मऊ होता. पूर्वी तो गर्दीवर चढून यायचा, आता गर्दीतून वाट काढत येत होता. मग रांगा दिसल्या, पांढऱ्या गणवेशातल्या, आणि पुढे मधोमध ते. रुग्णालयाची पाटी आली. डावा हात वर गेला. सगळं शांत झालं. झेंड्यांच्या कापडाचा आवाज ऐकू येत होता. माझ्या शेजारच्या आजीही बोलायच्या थांबल्या.

मी मोजू लागले. या वेळी चुकले नाही. एकेक मात्रा मोजत होते आणि मनात एकच होतं, की हात खाली येईल तेव्हा ट्रम्पेट ओठांना लागेल, दात धरेल की नाही. रुग्णालयाचं फाटक मागे पडलं, औषधांचं दुकान मागे पडलं. हात खाली आला आणि ते शिरले. नेमक्या जागी, जिथं मी मोजत पोचले होते तिथंच. माझ्या हातातलं सरबत पदरावर सांडलं.

त्यांनी मला पाहिलं होतं. वाजवत वाजवतच ते रांगेच्या मध्यातून बाहेर आले आणि माझ्या कडेला सरकले, मी त्यांच्या डाव्या हाताला येईन अशा बेतानं. हातभर अंतरावरून, श्वास घ्यायला क्षणभर ट्रम्पेट ओठांवरून काढून, तो डावा गाल आणि तो दात मला नीट दिसेल असे, ते पुढे निघून गेले.